विश्लेषण : जंगलातून आणलेले ऑर्किड घरी का जगत नाही? त्या फुलात नेमके असते तरी काय?

पावसाळ्यात सह्याद्रीत भटकून परतणाऱ्यांच्या पाठपिशवीत अधूनमधून एक गोष्ट दिसते. झाडाच्या सालीसकट ओरबाडून काढलेला ऑर्किडचा गड्डा. ‘फुकट मिळाले, घरी लावू’ म्हणून आणलेले हे रोप कुंडीत जाते, त्याला लाल माती मिळते, शेणखत मिळते, रोज सकाळी पाणीही मिळते. काही आठवड्यांत मुळे कुजतात आणि पाने पिवळी पडतात. त्याच घरात वाढदिवसाला भेट आलेले दुकानातले ऑर्किड मात्र दोन-अडीच महिने फुललेले असते. मग जंगलातल्या रोपाचे काय चुकले?

मातीची आणि पाण्याची चूक असतेच, पण खरे कारण ऑर्किडच्या जगण्याच्या पद्धतीत आहे. ही वनस्पती एकटी जगत नाही. जुन्या झाडाची साल, नुसत्या डोळ्यांना न दिसणारी बुरशी आणि अनेकदा एखाद-दुसऱ्याच जातीचा कीटक, या तिघांशी तिचा संसार बांधलेला असतो. यातला एक दुवा तुटला की रोप आज ना उद्या जाते किंवा त्याची पुढची पिढी थांबते. फूल जवळून पाहिले की हा संसार उलगडत जातो.

ऑर्किड म्हणजे बांडगूळ का?

नाही. आंब्याच्या फांदीवर काहीतरी वेगळे हिरवे दिसले की आपल्याकडे सरसकट ‘बांडगूळ’ म्हटले जाते आणि बागेची साफसफाई करताना ऑर्किडही त्याच्यासोबत कोयत्याखाली येते. दोघांत फरक मोठा आहे. बांडगूळ झाडाच्या सालीत शिरते, आतल्या पाण्याच्या आणि क्षारांच्या वाहिन्यांना भिडते आणि ते शोषून घेते. पसरत गेले तर फांदी वाळते. ऑर्किडची मुळे सालीच्या वरवरच राहतात. झाड त्याच्यासाठी फक्त बसायची जागा असते, उंचावरची, उजेडाची. पाणी त्याला पावसातून, धुक्यातून मिळते आणि अन्नद्रव्ये सालीच्या खाचांत साठलेल्या पालापाचोळ्यातून.

ओळखण्याची सोपी खूण मुळांत आहे. ऑर्किडची मुळे जाड, दोरीसारखी, रुपेरी पांढरी असतात आणि फांदीला बिलगून किंवा हवेत लोंबत असतात. या पांढऱ्या रंगाचे कारण म्हणजे मुळावरचे मृत पेशींचे स्पंजासारखे आवरण. पावसाची सर आली की ते काही क्षणांत पाणी टिपते, पारदर्शक होते आणि आतला हिरवा रंग दिसू लागतो. होय, ही मुळे हिरवी असतात आणि पानांसारखी थोडेफार अन्नही तयार करतात. अशा मुळांना मातीत गाडणे म्हणजे त्यांचा श्वास कोंडणे.

हा गैरसमज जुना आहे, इतका की तो शास्त्रीय नावात जाऊन बसला. ‘वांडा’ हे जगभर प्रसिद्ध असलेल्या एका ऑर्किड गटाचे नाव संस्कृतातल्या ‘वंदा’ या शब्दावरून आले, आणि वंदा म्हणजे दुसऱ्या झाडावर वाढणारी परोपजीवी वनस्पती. या गटातले चौकटीच्या नक्षीचे एक वांडा महाराष्ट्रातही आंब्यासारख्या झाडांवर आढळते. काही प्रांतांत त्याची मुळे ‘रास्ना’ म्हणून औषधात वापरली जातात. मराठी वनस्पतिशास्त्रात ऑर्किडला ‘आमरी’ असा सुरेख शब्द आहे. तो पुस्तकाबाहेर फारसा पडला नाही, ही आपलीच कमाई.

भारतात किती ऑर्किड आहेत?

भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सचित्र सूचीनुसार १,२५६ जाती. त्यांपैकी सुमारे ६० टक्के झाडांवर वाढतात, ४४७ जमिनीवर. ३८८ जाती भारताबाहेर कुठेही नाहीत आणि त्यातल्या १२८, म्हणजे जवळपास एक तृतीयांश, पश्चिम घाटात आहेत. जगभरातील जातींची संख्या २५ हजारांहून अधिक भरते. ईशान्य भारत आणि हिमालय यात आघाडीवर असले तरी सह्याद्रीतल्या माणसाने ऑर्किडला ‘परदेशी फूल’ म्हणण्याचे कारण नाही.

पावसाळ्याच्या तोंडावर घाटातल्या झाडांवरून गुलाबी-पांढऱ्या फुलांचे लांब घोस लोंबू लागतात. ही ‘सीतेची वेणी’. हेच फूल आसामात ‘कोपौ फूल’ म्हणून ओळखले जाते, ते त्या राज्याचे राज्यपुष्प आहे आणि बिहू नाचणाऱ्या मुली ते केसांत माळतात. इथे आणि तिथे, दोन्हीकडे लोकांना त्यात वेणीच दिसली.

फूल जवळून पाहिले की काय दिसते?

घरात कोणतेही ऑर्किड असेल तर ते समोर ठेवून हा भाग वाचावा. लग्नाच्या मंडपातले जांभळे-पांढरे फूलही चालेल. ते बहुधा डेंड्रोबियम असते आणि त्यातली बरीच फुले थायलंडहून येतात.

बाहेरची तीन आणि आतली तीन अशा सहा पाकळ्या दिसतील. आतल्या तिनांपैकी एक वेगळीच असते, कधी झालरीची, कधी पिशवीसारखी, कधी जिभेसारखी. तिला ‘ओठ’ म्हणतात. कीटकाने उतरायचे ते याच धावपट्टीवर. गंमत अशी की कळीत हा ओठ वरच्या बाजूला असतो. बहुतेक ऑर्किडमध्ये फूल उमलण्याआधी त्याचा देठ अर्धा फेर घेऊन पिळला जातो आणि ओठ खाली येतो. देठ नीट पाहिला तर हा पीळ दिसतो.

आता ओठाच्या वर, फुलाच्या मधोमध असलेला छोटा खांब पाहा. जास्वंदीत पुंकेसर आणि स्त्रीकेसर वेगवेगळे ओळखता येतात. ऑर्किडमध्ये दोन्ही एकजीव होऊन हा एकच खांब होतो. त्याच्या टोकाला एक इवलीशी टोपी असते. टाचणीने अलगद उचलली तर आत पिवळे मोत्यासारखे गोळे दिसतील. हे परागकणच, पण इतर फुलांसारखे सुटे, उधळणारे नव्हेत. हजारो कण एकत्र बांधलेले गाठोडे, आणि खाली चिकट गोंद. कीटक आत शिरून मागे फिरला की हे गाठोडे त्याच्या पाठीला किंवा डोक्याला चिकटते. टाचणीलाही चिकटते, करून पाहा.

म्हणजे इथे सगळा डाव एकाच फाशावर आहे. इतर फुले परागकण वाऱ्यावर, दहा कीटकांवर उधळतात. काही वाया गेले तरी चालते. ऑर्किड सगळी पुंजी एकाच पाहुण्याच्या पाठीवर ठेवते. पाहुणा आलाच नाही तर सारे फुकट. त्यामुळेच बरीचशी ऑर्किड फुले आठवडेच्या आठवडे ताजी राहतात. वाट पाहायची असते ना. परागीभवन झाले की मात्र अनेक जातींत तेच फूल लवकर मान टाकते. दुकानातल्या फुलाचे दोन महिन्यांचे आयुष्य ही खरे तर न आलेल्या पाहुण्याची प्रतीक्षा आहे.

न पाहिलेला पतंग डार्विनने कसा ओळखला?

१८६२ च्या जानेवारीत चार्ल्स डार्विन यांच्याकडे मादागास्करमधल्या एका पांढऱ्या, चांदणीसारख्या ऑर्किडची फुले आली. फुलामागे एक बारीक हिरवी नळी लोंबत होती, जवळपास एक फूट लांब. मकरंद फक्त तिच्या तळाशी. इतक्या खोलवर पोहोचणार कोण? डार्विन यांनी त्याच वर्षी प्रसिद्ध केलेल्या ऑर्किडवरच्या पुस्तकात सांगून टाकले, की मादागास्करमध्ये दहा-अकरा इंच लांब सोंडेचा पतंग असलाच पाहिजे. तसा पतंग कुणी पाहिलेला नव्हता. पाच वर्षांनी आल्फ्रेड रसेल वॉलेस यांनी दुजोरा दिला, की खगोलशास्त्रज्ञांनी नेपच्यून शोधला त्याच खात्रीने हा पतंग शोधावा.

डार्विन १८८२ मध्ये गेले. पतंगाचे वर्णन झाले १९०३ मध्ये, आणि त्याच्या नावात ‘भाकीत केलेला’ या अर्थाचा लॅटिन शब्द घालण्यात आला. तो या फुलावर येतो हे प्रत्यक्ष पाहायला मात्र १९९२ साल उजाडले.

यासाठी मादागास्करला जायची गरज नाही. पावसाळ्यात सह्याद्रीच्या सड्यांवर आणि पठारांवर हॅबेनारिया गटातली पांढरी जमिनीवरची आमरी फुलते. तिच्या एका जातीच्या फुलामागची नळी माणसाच्या बोटाहून लांब असते. तीही रात्री उडणाऱ्या लांब सोंडेच्या पतंगांसाठीच. कास पठारावर ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये याच गटातले ‘टूथब्रश ऑर्किड’ दिसते. दांड्याच्या एकाच बाजूला ओळीने लागलेली पांढरी फुले, थेट ब्रशसारखी. पर्यटकांचा बहुतेक वेळ निळ्या-गुलाबी गालिचांचे फोटो काढण्यात जातो आणि हे पायाखाली येते. त्याचा कंद उन्हाळाभर जमिनीत झोपलेला असतो आणि दरवर्षी पावसात थोडे दिवस वर येतो. तेवढ्यात बूट पडला तर वर्ष गेले.

फुले कीटकांना फसवतात म्हणजे काय करतात?

सुमारे एक तृतीयांश ऑर्किड जाती पाहुण्याला काहीही देत नाहीत. मकरंद नाही, खाऊ नाही. नुसता देखावा. भूमध्य समुद्राभोवतीच्या देशांतल्या ऑफ्रिस गटाच्या फुलांचा ओठ मादी मधमाशीसारखा दिसतो, त्यावर तशीच लव असते आणि वासही मादीचाच येतो. नर त्याच्याशी झोंबतो, फसतो आणि डोक्यावर गाठोडे घेऊन पुढच्या फुलाकडे जाऊन पुन्हा फसतो.

अमेरिकेच्या उष्ण कटिबंधातले ‘बादली ऑर्किड’ तर अफाट आहे. त्याच्या ओठाची खरोखरच बादली असते आणि तिच्यात वरून थेंब थेंब द्रव पडत असतो. काही हिरव्या-निळ्या चकचकीत माश्यांचे नर इथे सुगंध गोळा करायला येतात, कारण तोच सुगंध पुढे माद्यांना भुलवायला लागतो. निसरड्या काठावरून एखादा नर बादलीत पडतो. पंख भिजल्याने उडता येत नाही. बाहेर पडायला एकच अरुंद बोगदा असतो. त्यातून धडपडत निघताना फूल त्याच्या पाठीवर परागांचे गाठोडे चिकटवते. दुसऱ्या बादलीत पडला की त्या बोगद्यात ते काढून घेतले जाते.

व्हॉट्सॲपवर फिरणारे माकडाच्या तोंडाचे ऑर्किड खरे आहे का, असा प्रश्न अनेकांना पडतो. खरे आहे. इक्वेडोरच्या परिसरातल्या ढगांत बुडालेल्या डोंगरी जंगलांत ते वाढते. पण तिथे माकडाचा काही संबंध नाही. चेहरा शोधायची खोड आपल्या डोळ्यांची. त्याच गटातल्या एका फुलाच्या अभ्यासात आढळले, की ओठाचा आकार आणि वास छत्रीसारख्या बुरशीचा म्हणजे अळंबीचा भास निर्माण करतो आणि अळंबीवर जाणाऱ्या बारीक माश्या त्याकडे ओढल्या जातात. आपल्याला माकड दिसते, माशीला अळंबी.

फसवेगिरी ऑर्किडपुरतीच नाही. जगातली सर्वात गाजलेली दुर्गंधी फुलोऱ्याची वनस्पती म्हणजे सुमात्रा बेटावरची टायटन अरम. तिचा फुलोरा माणसापेक्षा उंच होतो, कुजलेल्या मांसासारखा वास सोडतो आणि परदेशातल्या वनस्पती उद्यानांत तो उमलला की बघ्यांच्या रांगा लागतात. तिचे सख्खे भाऊबंद आपण खातो. सुरण त्याच गटातला. आणि ठाणे, पालघर, रायगडच्या बाजारात पहिल्या पावसाच्या सुमारास आदिवासी बायका विकायला आणतात ती शेवळेही त्याच गटातली. शेवळे उमलू दिले तर तेही घाण वास सोडते आणि कुजक्यावर जगणाऱ्या कीटकांना बोलावते. आपण त्याआधीच ते काकडाच्या आंबट फळांबरोबर शिजवतो, घसा खाजू नये म्हणून. टायटन अरमचा फोटो ‘अजब वनस्पती’ म्हणून पुढे पाठवणाऱ्याच्या घरी त्या आठवड्यात शेवळाची भाजी झालेली असू शकते.

पठारांवरची कंदीलपुष्पेही याच पंगतीतली. नावाप्रमाणे कंदिलासारखे फूल, वर उघडे, आत खाली वळलेले केस. वासाला भुलून चिलट आत घसरते, केसांमुळे वर येता येत नाही. पुढे फुलातले केस सुकले की सुटका, पण अंगावर परागकण घेऊनच. कंदीलपुष्पाच्या काही जाती फक्त महाराष्ट्रातल्या मोजक्या कड्यांवर आणि पठारांवर आहेत.

कीटकच नसेल तर काय होते?

याचे उत्तर आपल्या आइस्क्रीममध्ये आहे. व्हॅनिला हे वेलीसारखे वाढणारे ऑर्किड आहे, मूळ मेक्सिकोचे. युरोपीयांनी ते हिंदी महासागरातल्या बेटांवर नेले. वेल वाढला, फुलला, पण शेंग धरेना. तिथे त्याचा कीटक नव्हता. फूल उमलते तेही एकाच दिवसापुरते.

१८४१ मध्ये रेयुनियन बेटावर एडमंड आल्बियस या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने बारीक काडीने फुलातला पडदा उचलून अंगठ्याने पराग दाबून बसवण्याची युक्ती काढली. काही सेकंदांचे काम. आजही जगातली बहुतेक व्हॅनिला याच हातयुक्तीने धरते, फुलामागे एक माणूस, एक स्पर्श. शेंग पिकायला सुमारे नऊ महिने लागतात, वर वाळवण्याची मेहनत. खऱ्या व्हॅनिलाचा भाव का चढा असतो ते यावरून कळावे. केरळ आणि कर्नाटकातल्या शेतकऱ्यांनी दोन हजार सालानंतर भाव चढले तेव्हा व्हॅनिला मोठ्या प्रमाणात लावली आणि पुढे भाव कोसळल्याचा फटकाही सोसला. आल्बियसला १८४८ मध्ये गुलामगिरी संपल्यावर स्वातंत्र्य मिळाले, पण त्याच्या युक्तीवर उभ्या राहिलेल्या व्यापारातला वाटा मिळाला नाही. १८८० मध्ये तो गरिबीतच वारला.

मग बी पेरून ऑर्किड का वाढवता येत नाही?

येते, पण कुंडीत नाही. ऑर्किडचे बी म्हणजे धूळ. एका बोंडात लाखो, काही जातींत दहा लाखांहून अधिक बिया असतात. आईने लेकराला शिदोरीच द्यायची नाही असा हा प्रकार आहे. हरभऱ्याच्या दाण्यात अंकुराला पुरेल इतके अन्न असते, ऑर्किडच्या बीत जवळजवळ काहीच नसते. त्यामुळे वाऱ्यावर ते दूर जाते, पण रुजायचे तर ते जिथे पडेल तिथे योग्य बुरशी हवी. बुरशीचे धागे बीमध्ये शिरतात आणि बी त्यांच्याकडूनच अन्न मिळवून वाढू लागते. हे फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ नोएल बर्नार यांनी १८९९ मध्ये ओळखले. भारतातल्या ४३ ऑर्किड जाती तर मोठ्या होऊनही स्वतःचे अन्न करत नाहीत, आयुष्यभर बुरशीच्या जिवावर राहतात. अशी जात उपटून आणली तर ती जगवण्याचा कोणताही घरगुती उपाय नाही.

पुढे रुजलेले रोपही फुलायला अनेक वर्षे घेते. म्हणजे ट्रेकवर सालीसकट ओढून काढलेला हाताएवढा गड्डा हा लाखांत एखादे रुजलेले बी असतो. ते रुजले ते त्या जुन्या, खरबरीत, ओलावा धरणाऱ्या सालीवर. रस्ता रुंदीकरणात जुना आंबा किंवा वड पडतो तेव्हा बदल्यात किती रोपे लावणार याची चर्चा होते. त्या झाडावर किती आमरी होत्या याची नोंद सहसा कुठेच नसते, आणि नव्या रोपाची गुळगुळीत साल त्यांच्या कामाची व्हायला कित्येक वर्षे जावी लागतात. माझ्या मते वृक्षगणनेच्या तक्त्यात एवढा एक रकाना वाढवणे काही कठीण नाही.

दुकानातली ऑर्किड मग कुठून येतात?

बाटलीतून. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातील लुईस नडसन यांनी १९२२ मध्ये दाखवून दिले, की बुरशीऐवजी साखर आणि क्षार घातलेल्या जेलीसारख्या माध्यमावरही हे बी रुजते. १९६० मध्ये फ्रान्सच्या जॉर्ज मोरेल यांनी अंकुराच्या टोकाच्या तुकड्यापासून एकसारखी रोपे करण्याची पद्धत ऑर्किडमध्ये आणली. एकेकाळी राजेरजवाड्यांना परवडणारे फूल त्यामुळे मॉलमध्ये आले. आज भेट म्हणून मिळणारे फुलपाखरासारखे फॅलेनॉप्सिस प्रयोगशाळेत जन्मते आणि हरितगृहात वाढते. त्याने जंगल पाहिलेलेही नसते. ते विकत घेण्यात जंगलाचे नुकसान नाही, उलट झाला तर फायदाच. एक सावधगिरी मात्र हवी. गडद शाईसारखे निळे फॅलेनॉप्सिस दिसले तर तो रंग टोचलेला असतो. पुढच्या वेळी फूल पांढरेच येईल.

रानातली ऑर्किड काढणे गुन्हा आहे का?

अभयारण्यात, राष्ट्रीय उद्यानात किंवा राखीव वनात परवानगीशिवाय रोप काढणे कायद्याने मनाई आहे, मग जात दुर्मीळ असो वा नसो. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा असला तरी त्यात वनस्पती आल्या १९९१ च्या दुरुस्तीने. तेव्हा झालेल्या पहिल्या यादीत अवघी सहा नावे होती आणि त्यांपैकी तीन ऑर्किडची: निळे वांडा, लाल वांडा आणि चपलेच्या आकाराची ‘लेडीज स्लिपर’.

निळ्या वांडाचे नाव यादीत यायला इतिहास आहे. १८५० मध्ये जोसेफ हूकर आणि थॉमस थॉमसन यांनी खासी टेकड्यांतून लंडनच्या क्यू उद्यानासाठी या एकाच ऑर्किडचा सात माणसांनी वाहावा इतका भार गोळा केला. वाटेत बहुतेक रोपे मेली, मोजकीच जिवंत पोहोचली. हे हूकर यांनी स्वतःच आपल्या प्रवासवर्णनात लिहून ठेवले आहे. दुसऱ्या एकाने पाठवलेला एका माणसाचा भार वाईट अवस्थेत पोहोचूनही ३०० पौंडांना विकला गेल्याचेही त्यांनी नोंदवले. जाणकार वनस्पतिशास्त्रज्ञांच्या हातून ही गत, तर पाठपिशवीतल्या गड्ड्याचे काय होणार?

हे जुन्या काळापुरते नाही. १९९९ मध्ये व्हिएतनाममधल्या एका नव्या लेडीज स्लिपरचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झाले. संग्राहकांनी ठिकाण शोधून काढले आणि काही वर्षांतच जंगलातून ती जवळपास नाहीशी झाली. परदेशी सहलीला जाणाऱ्यांनीही लक्षात ठेवावे, की जगातले संपूर्ण ऑर्किड कुळ वन्य जातींच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय करारात, म्हणजे ‘साइट्स’मध्ये आहे. बँकॉकच्या बाजारात घेतलेले जिवंत रोप परवाना आणि वनस्पती आरोग्य प्रमाणपत्राशिवाय बॅगेत घालून आणता येत नाही.

मोबाइलमध्ये फूल कसे टिपावे?

व्हिएतनामची गोष्ट मोबाइलशी जोडलेली आहे. दुर्मीळ ऑर्किड सापडले तर फोटो टाकताना ठिकाणाचे नाव लिहू नका आणि कॅमेऱ्यातली ‘लोकेशन’ नोंद बंद ठेवा. बाकी मोबाइल या कामाला उत्तम आहे. अलीकडच्या बऱ्याच फोनमधला ‘मॅक्रो’ मोड तीन-चार सेंटिमीटरवरून टिपतो. नसेल तर पाचशेच्या आतबाहेर मिळणारे चिमट्याचे भिंग पुरते. फ्लॅश नको. ढगाळ उजेडात ओठावरची लव आणि ठिपके जास्त छान येतात. वारा असेल तर फूल हातात धरून स्थिर करू नका, पाच-सात फोटो सलग काढा, एखादा साधतो. समोरून एक, बाजूने मागच्या नळीसकट एक आणि पानांचा एक, असे तीन फोटो असतील तर जाणकाराला जात ओळखता येते. नुसत्या फुलाच्या फोटोवरून अनेकदा येत नाही.

वादळात तुटून वाटेवर पडलेल्या फांदीवर ऑर्किड दिसले तर ते घरी न आणता जवळच्याच उभ्या झाडाच्या बेचक्यात सुतळीने घट्ट बांधावे. सुतळी कुजेपर्यंत मुळे सालीला धरतात.

भेट मिळालेल्या कुंडीचे काय करावे?

माती घालू नये. कोळसा, झाडाच्या सालीचे तुकडे, नारळाची सोडणे, विटांचे खडे, असे हवा खेळती ठेवणारे मिश्रण आणि भोके असलेली कुंडी. पूर्वेकडच्या खिडकीतला कोवळा उजेड पुरे. पाणी घड्याळ पाहून नाही, मुळे पाहून घालावे. मुळे रुपेरी दिसली की पाणी, हिरवी असेपर्यंत नाही. पानांच्या मध्यभागी पाणी साचू देऊ नये, तिथून सड सुरू होते. फुले गळली म्हणून रोप टाकून देऊ नये. फॅलेनॉप्सिसला नवा दांडा यायला काही आठवडे थोडा गारवा लागतो, म्हणून पुणे-नाशिकच्या हिवाळ्यात ते सहज पुन्हा फुलते, मुंबईत जरा रुसते. हा दांडा सुरुवातीला मुळासारखाच दिसतो आणि कित्येक जण तो नको असलेले मूळ समजून कापून टाकतात. मुळाचे टोक गुळगुळीत, गोल असते. दांड्याचे टोक किंचित चपटे, बोटांचे भाग नसलेल्या हातमोज्यासारखे दिसते आणि उजेडाकडे वळते.